मधल्या बटनावरचा आवाज

दिगंबर,

तुला स्मशानात नेलं तेव्हा मी मागं होतो. सगळ्यात शेवटी, सायकल हातात धरून. खांदा द्यायला पुढं झालो नाही. तुझ्या थोरल्या भावानं माझ्याकडं बघून मान फिरवली, पण ते कारण नव्हतं. ज्याला मी भर माणसांत दगाबाज म्हणालो आणि मग सहा वर्षं ते परत घेतलं नाही, त्याच्या तिरडीला हात लावावा की नाही, हेच मला ठरवता येईना. मी ठरवेपर्यंत तुझी तिरडी वळणावरून पुढं गेली होती.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मला एक गोष्ट कळली. ती तुला आधीपासून माहीत होती, हेही कळलं. तरी ती मी तुला सांगणार आहे. एवढं तरी माझ्याकडून व्हायला पाहिजे.

तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो दिवस तुला आठवत असेल. स्टेशन रोडवरची ती अरुंद खोली, भिंतीला लटकलेले उघडे रेडिओ, आणि तू स्टुलावर, बनियनवर. हैदराबादच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत तोपर्यंत पेटी, ढोलक आणि टाळ एवढंच होतं. गिटार आली म्हणून पोरं खूश होती. पण तिच्यात घरघर एवढी होती की पेटी ऐकू येईना. तू ती तुझ्या डब्याला जोडलीस, म्हणजे तू स्वतः बांधलेल्या त्या अँप्लिफायरला, आणि थोडा वेळ ऐकून म्हणालास, "ही गिटार हाय का पिठाची गिरणी?"

मला राग आला होता. तू मात्र तोवर तिचा पत्रा काढून आत बघायलाही लागला होतास.

तिला एकच पिकअप होता. तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेची एक गुंडाळी. तार कंप पावली की त्या गुंडाळीत आवाज उमटतो, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. आणि हेही सांगितलंस की ती गुंडाळी तेवढंच ऐकत नाही, आजूबाजूच्या विजेचीही घरघर ओढून घेते. खेड्यातला करंट तर आणखीच घाण. त्यावर तू जो उपाय काढलास तो ऐकून मला वाटलं, हा माणूस थापा मारतोय.

"दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी करू," तू म्हणालास. "खाली चुंबक एकच. एकीला त्याचं एक तोंड, दुसरीला दुसरं. आन एक गुंडाळी उलटी जोडायची. घरघर दोन्हीत सारखीच शिरती, मग ती एकमेकीला मारती. तारंचा आवाज तेवढा ऱ्हातो."

"आणि जुना पिकअप?"

"त्यो बी ठिवू. त्याचा आवाज पातळ हाय, पन गोड हाय. तीन जागांचं बटन बसवू. वर जुना, खाली नवा, मधी दोन्ही."

पुढचे दोन महिने मी कचेरीतून सुटलो की थेट तुझ्याकडं यायचो. भंगारातल्या वीजमीटरमधून तू केसाहून बारीक तार काढलीस. ती गुंडाळायला कुसुमवहिनींचं शिलाई मशीन दुकानात आणलंस. तीन वेळा तार तुटली. चौथ्यांदा वहिनी म्हणाल्या, "सरका, तुमच्या हाताला दम न्हाई," आणि स्वतः बसून दोन्ही गुंडाळ्या त्यांनीच पुऱ्या केल्या. मग तू त्या मेणबत्तीच्या मेणात बुडवल्यास. माझी गिटार तुझ्या घरच्या मशीनवर तयार झाली, हे मी तेव्हा वस्तीत सगळ्यांना सांगत फिरायचो.

नवा पिकअप बसला. वरचं बटन पहिल्यासारखंच, खालच्यावर घरघर गेलेली. मधलं लावलं तर आवाज एकदम बसला. पोकळ, चिरका, जीवच नाही.

"नाकातून बोलायलीय," तू म्हणालास. मान तिरकी करून तू पुन्हा ऐकलंस. मग नव्या पिकअपच्या दोन वायरी, लाल आणि पिवळी, काढल्यास आणि अदलाबदल करून जोडल्यास. मधलं बटन लावलं आणि दुकान भरून आवाज आला. जुन्याचा गोडवा आणि नव्याचा जाडपणा, दोन्ही. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून आत डोकावला होता.

"वायरी उलट्या बसल्या की दोघं एकमेकाचा आवाज खातेत," तू म्हणालास. "येकयेकटं वाजवून कळत न्हाई. मधल्या बटनावर लावूनच बघायचं."

मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही, असं आता वाटतं.

आपण भांडायचो तेही त्याच दुकानात. विधानसभेत नामांतराचा ठराव होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि विद्यापीठाचं नाव होतं तेच होतं. ठरावानंतर खेड्यापाड्यांत जे झालं ते माझ्या घरात रोज बसलेलं होतं. माझी गयामावशी एका गाठोड्यानिशी गाव सोडून आली ती आमच्याच वस्तीत राहिली. तू तिला ओळखत होतास, मावशी म्हणत होतास. तरी तू म्हणायचास, "नावानं काय होतंय यशा? शिकाय मिळाल्याशी मतलब."

"नावानं काहीच होत नाही तर देऊन टाका की," मी म्हणायचो. "घरं कशाला जाळली मग?"

त्यावर तू वायर जोडायला वाकायचास. सोल्डरचा धूर वर जायचा. तुझा भाऊ ताडकळसकडं नामांतराच्या विरोधातल्या लोकांत पुढं होता. त्याचं नाव निघालं की तू म्हणायचास, "दादाचं दादापाशी." पण तुझं काय, ते तू मला कधी धड सांगितलं नाहीस. आणि तरी आमच्या पार्टीबरोबर गावोगाव डबा घेऊन तूच यायचास. तुझ्या घरातून त्यावर किती बोलणी बसत असतील, ते मी कधी विचारलं नाही.

मग ती जयंती आली. गंगाखेडच्या अलीकडच्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. तिथल्या आमच्या लोकांनी पार्टी ठरवली होती. गावात आधीच कुरबूर होती, मिरवणुकीच्या रस्त्यावरून दोनदा बैठक मोडली होती. नामांतरावर मी स्वतः एक गाणं बांधलं होतं, ते तिथं पहिल्यांदा म्हणणार होतो. आदल्या दिवशी दुकानात तू म्हणालास, "बाकीची सगळी घे. ते येक गाणं उद्या नगं घिऊ."

"कुणी सांगितलंय तुला? भावानं?"

"कुणी न्हाई. माज्या कानावर आलंय. पोरं तयारीत हायत."

"ती आम्हाला नवीन नाहीत."

"यशा, लेकरंबाळं असतेत समोर."

"त्यांच्यासाठीच म्हणायचंय," मी म्हणालो, आणि गिटार उचलून निघालो. निघताना ती शटरला आपटली. घरी येऊन बघितलं तर नव्या पिकअपच्या दोन्ही वायरी तुटलेल्या. परत तुझ्याकडं यायचं म्हणजे हार खायची. मी शेजाऱ्याचा सोल्डर आणला आणि माझ्या हातानं त्या चिकटवल्या. चिकटवून होतोय तोच लाईट गेली. दुसऱ्या दिवशी गावात पोचल्यावर तू तुझ्या डब्याला गिटार लावून दिलीस, एक शब्द न बोलता. मी वरचं बटन वाजवून बघितलं, खालचं बघितलं. दोन्ही ठीक. "झालं," म्हणालो. तू माझ्याकडं बघत होतास. मधलं लावून बघ, असं तुला म्हणायचं होतं का? म्हणाला असतास तरी त्या दिवशी मी ऐकलं नसतं.

दिवस मावळायला कार्यक्रम सुरू झाला. पुढं बाया आणि लेकरं, मागं पुरुष, आणि रस्त्याच्या पलीकडं चावडीच्या कट्ट्यावर तीस-चाळीस पोरं. दोन पोलीस मधल्या लिंबाखाली. पहिली चार गाणी झाली. पोरं नुसती बघत होती. मग मी ते गाणं सुरू केलं. पहिलं कडवं जुन्या पिकअपवर, हळू. दुसरं तसंच. लोक ताठ बसले होते, मला त्यांच्या माना दिसत होत्या. तिसऱ्याला सगळ्यांनी मिळून उचलायचं होतं. मी बटन मधी ओढलं.

आणि आवाज गेला. म्हणजे पुरा गेला नाही, नाकात बसला. किसनच्या ढोलकाखाली गिटार ऐकूच येईना. मी पुन्हा जोरानं मारली, तशीच. सूर सुटला, माझा शब्द अडकला, माझ्यामागं कोरस धरणारी पोरं गप झाली. कट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं, "बसला रं यांचा भोंगा," आणि सगळी हसली. मी वळून बघितलं. तू डब्याशी वाकला होतास आणि तुझा हात आवाजाच्या बटनावर होता.

तेवढंच मी बघितलं, दिगंबर. पुढची सहा वर्षं मी तेवढंच बघत राहिलो.

त्या हसण्यानं त्यांना धीर आला असावा. पहिला दगड मंडपाच्या पत्र्यावर पडला. दुसरा किसनला लागला, भुवई फुटली, ढोलकाच्या कातड्यावर रक्त सांडलं. बायांनी लेकरं उचलली. पोलिसांनी आम्हालाच आवरा आवरा म्हणत टेम्पोत बसवलं. किसनच्या डोक्याला टॉवेल बांधता बांधता मी तुला सगळ्यांसमोर म्हणालो, "तू डब्याचा आवाज मारलास. काल सांगून ऐकलं नाही म्हणून आज मारलास."

"मी वाढवायलो व्हतो," तू म्हणालास.

"भावाला जाऊन सांग. काम केलं म्हणून."

तू टेम्पोतून उतरलास. डबा तिथंच ठेवून एस.टी.च्या रस्त्यानं चालत गेलास. दुसऱ्या दिवशी मी तो डबा तुझ्या दुकानासमोर ठेवून आलो, आत न बघता.

डब्याशिवाय गिटार मुकीच. ती मी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुन्हा पेटीवर आलो. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. वस्तीत घरोघर सांगितलं, स्टेशन रोडच्या दिगंबरनं आपल्याला ऐन वेळी दगा दिला. लोकांनी तुझ्याकडं रेडिओ टाकणं बंद केलं. समोर दिसलास तर रस्ता बदलायला लागले. हे मला आवडत होतं, हेही आज लिहून ठेवतो.

माझी आई गेली तेव्हा तू आलास. आपण पावसापाण्याचं बोललो. निघताना तू दारात थांबलास. "गिटार कुठाय?"

"माळ्यावर."

"आन की येखाद्या दिशी. बघू."

"बघायचं काय राहिलंय त्यात?"

तू माळ्याकडं एकदा बघितलंस. मग चप्पल घातलीस. तू काहीतरी सांगायला आला होतास, हे मला तेव्हाही कळलं होतं. मला वाटलं, माफी मागायला आलाय. आणि ती मला द्यायची नव्हती.

तू गेल्यावर आठव्या दिवशी कुसुमवहिनींचा निरोप आला. दुकान रिकामं करायचंय, डबा तुमच्यासाठी ठेवा म्हणून सांगून गेलेत, येऊन घेऊन जा. का कुणास ठाऊक, मी माळ्यावरून गिटार काढली आणि बरोबर घेतली. तारा गंजलेल्या. तुझ्या स्टुलावर बसलो, डबा लावला. वरचं बटन, घरघर आणि गोडवा. खालचं, स्वच्छ. मग मधलं लावलं.

नाकातला आवाज. तोच. तुझा हात डब्यावर नसताना.

मी पत्रा काढला. तुझे टाके ओळखू येत होते, बारीक, चकचकीत, मुगाच्या दाण्याएवढे. आणि मधेच दोन जाड, काळपट गोळे. ते माझे. लाल वायर पिवळीच्या जागी, पिवळी लालच्या.

मान वर केली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी गिटारचं उघडं पोट बघितलं आणि म्हणाल्या, "सापडलं का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिशी आले तवा जेवले न्हाईत. म्हनले, यशाच्या वायरी उलट्या बसल्यात, मला ऐकल्याबरुबर कळलं. मी वाढवाय गेलो तर तेवढ्यात त्यानं बघितलं. मी म्हनलं, मग सांगा की जाऊन. तर म्हनले, आत्ता सांगितलं तर त्याला वाटंल मी सोताला वाचवायलोय. गिटार घिऊन यील त्यो, तवा दावतो." वहिनींनी खाली पडलेला पत्रा उचलून माझ्यापुढं ठेवला. "तुमी आलाच न्हाईत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मला तुझा राग आला, दिगंबर. खरंच आला. एक वाक्य होतं ते. माझ्या आईच्या दारात उभं राहून म्हणायचंस, वायरी उलट्या आहेत. मी नसतं ऐकलं तर शिव्या द्यायच्यास. सहा वर्षं तू मला चुकीत ठेवलंस आणि ती चूक स्वतःच्या अंगावर वागवलीस. मग वाटलं, तू सांगितलंच होतंस की. टेम्पोत, पहिल्याच झटक्यात. ऐकणारा मी होतो.

एक गोष्ट मात्र मी परत घेत नाही. ते गाणं घेऊ नको म्हणालास ते चूक होतं. आवाज तू मारला नाहीस, पण त्या गाण्याचा आवाज निघू नये असं तू मागितलं होतंस, आदल्या दिवशी, तुझ्या दुकानात बसून. तुझी भीती खरी होती, किसनची भुवई फुटली. तरी ते गाणं आमचं होतं, घ्यायचं की नाही ते तू ठरवायचं नव्हतंस. यावर आपण आणखी दहा वर्षं भांडलो असतो. तू "लेकरंबाळं असतेत समोर" म्हणाला असतास. मी "त्यांच्यासाठीच म्हणायचंय" म्हणालो असतो, आणि ते अर्धंच उत्तर आहे, हे मला माहीत आहे.

तुझाच सोल्डर तापवून मी वायरी जागच्या जागी लावल्या. वहिनी तिथंच उभ्या होत्या. मधलं बटन लावलं आणि ते जाड, गोड सूर खोलीत भरले तेव्हा त्या आत निघून गेल्या.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. किसन पुढंच बसला होता. त्याच्या भुवईवर अजून ती पांढरी रेघ आहे. "म्हंजे त्यानं केलं न्हाई?" त्यानं विचारलं.

"नाही. माझ्या हातून झालं."

"मी त्याच्या दुकानावर जाऊन, गिऱ्हाइकासमोर बोललो त्याला," किसन म्हणाला. "त्यानं ऐकून घेतलं."

गयामावशी भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "माजा रेडू त्याच्याकडं व्हता तवा. दुरुस्त करून घरी घिऊन आला. मावशी म्हनून दोनदा हाक मारली. मी आतून कडी लावली. तर उंबऱ्यावर ठिवून गेला." पदर सावरून ती उठली. "त्याच्या घरी घिऊन चल मला."

मी कां-कूं केली. तुझा भाऊ घरी असेल हे मला माहीत होतं. पण तिला थांबवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. आम्ही चालत आलो. भाऊ खाटेवर बसला होता. आम्हाला बघून त्याचे खांदे ताठले. मावशी दारातच उभी राहिली आणि सरळ त्यालाच म्हणाली, "मी तुमच्या भावाला दार उघडलं न्हाई. त्याचा कसूर नसताना. ते सांगाय आले."

वहिनींनी सतरंजी टाकली, आम्हाला बसवलं, चहा ठेवला. मी वायरींचं सगळं पुन्हा सांगितलं, त्याच्याकडं न बघता. मला वाटत होतं, हा आता उठेल, काहीतरी तोडून बोलेल, मावशीचा अपमान होईल.

"मलाबी वाटलं व्हतं त्यानंच बंद केला," तो एकदम म्हणाला. आवाज बसका होता. "चार मान्सात त्याच्या गळ्यात हात टाकला मी. शाबास म्हनलो, आपला हायस. त्यानं माजा हात काढला. म्हनला, मी न्हाई केलं. मला वाटलं, भिऊन नगं म्हनायलाय. म्या गावभर सांगितलं, माज्या भावानं केलं म्हनून." तो जमिनीकडं बघत होता. "तवापासून त्यो माज्या पंगतीला बसला न्हाई. दिवाळीला सुदिक न्हाई."

हे मला माहीत नव्हतं, दिगंबर. आम्ही तुला दगाबाज म्हणत होतो तेव्हा तिकडं तुझा सत्कार चालला होता, आणि तू दोन्ही नाकारून दुकानात एकटा बसला होतास.

चावडीच्या कट्ट्यावरच्या त्या पोरांना हा ओळखत असेल का, हा प्रश्न माझ्या ओठापर्यंत आला होता. तो मी विचारणार आहे, पण त्या दिवशी विचारला नाही. वहिनींनी तीन कपबशा पुढं ठेवल्या, तिघांना सारख्याच. मावशीनं आपली उचलली. तुझा भाऊ तसाच बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून.

"घ्या, निवायलाय," मावशी त्याला म्हणाली.

बऱ्याच वेळानं त्यानं कप उचलला.